गोळी बंद केल्यानंतर

आम्ही तिघी एकाच शाळेत शिकवतो. शाळा उर्दू माध्यमाची, गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. वयं ४१, ४४ आणि ४७. १४ वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसतो. मुलांची ॲडमिशन, सासरचे रुसवे, पगाराची थकबाकी, सगळं एकमेकींना ठाऊक. एक गोष्ट मात्र तिघींनीही एकमेकींपासून लपवली होती. तिघीही वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या खात होतो. दीड-दोन वर्षांच्या अंतराने तिघींनीही त्या बंद केल्या आणि प्रत्येकीच्या शरीराने वेगळंच रूप दाखवलं.

हे लिहिणारी आमच्यातलीच एक आहे. कोणती, ते सांगायचं नाही असं तिघींनी मिळून ठरवलंय. थोरलीला मात्र गावातले ओळखतील, कारण तिच्या घरात जे घडलं ते लपण्यासारखं नाही. लिहिण्याआधी तिची परवानगी मागितली तर म्हणाली, "ओळखू देत. वाचून एखादी बाई वेळेवर दवाखान्यात गेली तर माझं काय कमी होणार आहे?"

आधी गोळीपर्यंत आम्ही कशा पोहोचलो ते सांगतो. दोन-तीन मुलं झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आपल्या राज्यात त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे बाईचं ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. गोळी वापरणाऱ्या देशभरात शंभरात पाचच्या आसपास. आमच्या तिघींच्या घरात मात्र कायमचं काही करायचं नाही, तात्पुरतं चालेल, असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. मग कुणाला आशाताईंनी माला-एनचं पाकीट दिलं, कुणाच्या शौहरनी मेडिकलवरून आणलं. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून यायचं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली जायचं. स्टाफरूममधल्या बाकी बहुतेक बायकांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, त्यात हार्मोन. ७ गडद रंगाच्या, त्यात फक्त लोह. गडद गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी यायची. थोडी, वेळेवर, पाच दिवसांत आटोपणारी. आम्ही तिघीही त्यावर खूश होतो. आमच्या पाळीचा हिशेब आमच्या घरातल्या एका जुन्या सवयीमुळे लिहिलेलाही होता. रमजानमध्ये पाळीमुळे जे रोजे सुटतात त्यांची कजा नंतर करावी लागते. म्हणून रोजे किती सुटले ते आपण कुठेतरी टिपून ठेवतो. एकीची वही आहे, एकीच्या कॅलेंडरवर खुणा आहेत, एकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद आहे. गोळीच्या वर्षांत प्रत्येकीचा आकडा दरसाल तोच, पाच. आम्हाला वाटायचं, तब्येत कशी घड्याळासारखी चालली आहे.

ते घड्याळ आमचं नव्हतंच, हे फार उशिरा कळलं.

सर्वांत आधी गोळी बंद झाली ती थोरलीची. कारण सांगायला जड जातं. तिचे शौहर एका पहाटे छातीत दुखून गेले. गोळी घ्यायची गरजच उरली नाही. पाकीट अर्धवट राहिलं होतं. तीन-चार दिवसांनी थोडा रक्तस्राव झाला, तो तिच्या लक्षातही राहिला नाही. ती अर्जित रजा टाकून इद्दतला बसली. नंतर एक महिना गेला, दोन गेले, पाळी नाही. तिसरा लागला.

विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. पण ती पोटुशी असेल तर बाळंतपण होईपर्यंत. हे घरातल्या सगळ्यांना माहीत. त्यामुळे तिची पाळी ही तिची एकटीची गोष्ट राहिलीच नाही. नणंदेने एकदा विचारलं, मग मामीसासूंनी विचारलं. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. पण ताटात लोणचं जरा जास्त घेतलं तरी नजरा वळायच्या. ४७ व्या वर्षी, नवऱ्यामागे, पोटात मूल असेल का, या विचाराने ती रात्र रात्र जागायची. त्यात अंगातून एकदम गरम वाफा निघायच्या, घामाने दुपट्टा भिजायचा. लोक म्हणाले, सदमा आहे. तिलाही तेच वाटलं.

शेवटी तिच्या २१ वर्षांच्या मुलीने मेडिकलवरून लघवीच्या तपासणीची पट्टी आणली. आईच्या हातात देताना मुलगी रडत होती आणि आईही. एकच रेघ आली. दिवस नव्हते. तरीही पाळी का नाही, हा प्रश्न राहिलाच. इद्दतमध्ये दवाखान्यात जावं की नाही, यावर घरात दोन मतं पडली. तिच्या भावाने मौलानांना विचारलं. उपचार ही गरज आहे, जायला हरकत नाही, असं उत्तर मिळालं. मग ती जिल्ह्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली.

डॉक्टर बाईंनी थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच अशा तीन रक्ततपासण्या केल्या. पहिल्या दोन ठीक निघाल्या. एफएसएच बरंच वाढलेलं होतं. बाई म्हणाल्या, "तुमची पाळी जाण्याचं वय कदाचित केव्हाच सुरू झालंय. गोळीमुळे तुम्हाला कळलं नाही."

थोरलीला हे समजेना. पाळी तर दर महिन्याला येत होती! तेव्हा बाईंनी समजावलं ते तिने आम्हाला नंतर फळ्यावर आकृती काढावी तसं समजावलं. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते, त्यांच्या हुकमावर अंडाशयात अंडं पिकतं. गोळीतल्या हार्मोनमुळे पियुषिका गप्प बसते, अंडं पिकत नाही, म्हणून दिवस राहत नाहीत. गडद गोळ्यांच्या सात दिवसांत हार्मोन मिळत नाही, म्हणून गर्भाशयाचं अस्तर गळतं. दिसायला ती पाळीच, पण ती पाकिटाने आणलेली असते, अंडाशयाने नव्हे. अंडाशय थकत आलं तरी पाकीट दर महिन्याला हजेरी लावतंच. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे अंगातल्या वाफाही दबून राहतात. गोळी थांबली की खालचं सगळं उघडं पडतं.

"म्हणजे गोळीने माझी पाळी घालवली नाही," थोरली म्हणाली, "गोळीने फक्त पडदा धरला होता."

इद्दत संपवून ती शाळेत आली, तेव्हा आम्ही दोघी तिला भेटायला मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसलो. सांत्वनाचं बोलायचं होतं. पण तिनेच हे सगळं सांगितलं, गोळीपासून पट्टीपर्यंत. १४ वर्षांत प्रथमच आमच्यापैकी कुणीतरी हा विषय काढला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग धाकटी हळूच म्हणाली, "आपा, मीही घेत होते." मधली काही बोलली नाही. तिने बोलायला आणखी दोन महिने घेतले आणि ते दोन महिने तिला महागात पडले.

धाकटीची गोष्ट त्या मानाने सोपी. तिचे शौहर सौदीत नोकरीला. वर्षातून एकदा दोन महिने येतात. दहा महिने गोळी कशाला, असा विचार करून तिने ती बंद केली. पाळी दीड महिन्याने आली, पुढची ४० दिवसांनी. हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या, शाळेतल्या मुलींसारख्या. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीत रोज गुंता. चिडचिड इतकी की पाचवीच्या वर्गावर ओरडून नंतर स्वतःच रडायची. सासूबाईंनी नजर उतरवली, मिरच्या जाळल्या. शेजारणीने सांगितलं, "इतक्या वर्षांच्या गोळ्या अंगात साठल्यात, त्या आता बाहेर पडतायत."

असं काही साठत नसतं. गोळीतली हार्मोन काही दिवसांतच शरीरातून निघून जातात. होतं ते वेगळंच. प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी पुरुषी संप्रेरकंही असतात. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे त्यांना बांधून ठेवणारं एक प्रथिन रक्तात वाढतं, म्हणून गोळी चालू असताना कातडी नितळ राहते. गोळी थांबली की ते प्रथिन कमी होतं आणि चेहरा पुन्हा तेलकट होऊ लागतो. केसांचंही तसंच. हार्मोनमध्ये मोठा बदल झाला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बाळंतपणानंतर गळतात तसेच. बहुतेकींचे परत येतात. धाकटीची पाळी पाचव्या महिन्यापासून रांगेला लागली, केस सातव्या-आठव्या महिन्यात थांबले.

पण तिचा खरा धोका केसांचा नव्हताच. शौहर सुट्टीवर येणार होते आणि ती निश्चिंत होती. "नऊ वर्षं गोळी घेतलीये, असर एवढ्यात थोडाच जातो?" थोरलीने तिला तिथेच थांबवलं. गोळी बंद केल्यावर काही जणींची पाळी लांबते हे खरं, पण अंडं पहिल्याच महिन्यात पिकू शकतं. म्हणजे पुढची पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. धाकटी आशाताईंकडे गेली. त्यांनी निरोध, कॉपर-टी आणि छाया अशी तीन नावं सांगितली. छाया ही हार्मोन नसलेली गोळी, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. तिने पाळी लांबू शकते, हेही आशाताईंनी सांगितलं. धाकटीने काय निवडलं ते तिचं आणि तिच्या शौहरचं. फोनवर त्यांच्याशी या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली. एवढी वर्षं गोळी दोघांसाठी होती, पण चिंता एकटीची होती, असं ती म्हणते.

आता मधलीची गोष्ट. शाळेत शिक्षकांसाठी आरोग्य तपासणी झाली, त्यात तिचा रक्तदाब १५०/१०० निघाला. ती गोळी घेते हे ऐकून तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलेला असताना ही गोळी चालणार नाही, बंद करा, दुसरं साधन वापरा. सल्ला बरोबर होता. वय वाढलं आणि रक्तदाब चढला की इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा, पक्षाघाताचा धोका वाढतो. पण बंद केल्यावर काय होऊ शकतं, हे कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

दोन महिन्यांनी तिची पाळी आली ती गाठी पडत. सात दिवस, मग नऊ, मग बारा. वर्गात खुर्चीवरून उठताना आधी मागे हात लावून बघायचं. पाचवा तास संपला की पळत सुटायचं. घरी तिने शौहरना झोपायला मुलांच्या खोलीत पाठवलं, कारण सांगितलं नाही. ते आपल्यावर रुसली आहे असं समजले आणि तेही बोलेनासे झाले. एका छताखाली चार महिने दोघं असे राहिले.

मसला मात्र तिला पाठ होता. हनफी मसलकात हैज जास्तीत जास्त दहा दिवस. त्यापुढचं रक्त हे हैज नाही, इस्तिहाजा. त्यात नमाज माफ नाही, प्रत्येक वक्ताला नवं वुजू करून पढायची. ती तसं करत होती. जुहरला स्टाफरूमच्या नळावर बसून वुजू करायची आणि उठताना भिंतीचा आधार घ्यायची. चेहरा पिठासारखा. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "गोळी बंद केली ना, शरीर साफ होतंय."

थोरलीने हे ऐकलं आणि तिला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाजी, तू रोज इस्तिहाजाचं वुजू करतेस. म्हणजे हे नेहमीचं रक्त नाही, हे तुला स्वतःला मान्य आहे. मग त्याचा इलाज का करत नाहीस?"

मधली गप्प झाली. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी आपलं रक्त थांबत नाही, हे थेट हुजूरांपुढे (स.) मांडलं होतं आणि हे हैज नाही, नसेचं रक्त आहे, असा खुलासा त्यांना मिळाला होता. ही रिवायत आमच्यापैकी प्रत्येकीने ऐकलेली. नमाजचा हुकूम आम्ही त्यातून घेतला. एका बाईने न लाजता विचारलं, हा भाग मात्र सोडून दिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. हिमोग्लोबिन ७.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ८ च्या खाली गेलं की तो गंभीर समजतात. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉईडच्या दोन गाठी दिसल्या. कर्करोगाच्या नव्हेत, पण रक्त पाडणाऱ्या. बाईंनी विचारलं, "गोळी सुरू करण्याआधी पाळी कशी होती?" मधलीला आठवलं. तेव्हाही भरपूर जायचं. गोळीने ते ११ वर्षं आवरून धरलं होतं. गोळी गेल्यावर जुना त्रास परत आला आणि मधल्या काळात वाढलेल्या गाठींनी त्यात भर घातली. पाकिटातल्या सात गोळ्यांचं लोह मिळायचं, तेही थांबलं होतं.

बाईंनी तिची कजा रोज्यांची वही चाळली. पाच, पाच, पाच, आणि शेवटच्या रमजानमध्ये दहा. "हा आकडा दुप्पट झाला तेव्हाच यायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

मधलीला लोहाची इंजेक्शनं दिली, पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. नंतर गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं छोटं साधन बसवलं. त्यात इस्ट्रोजेन नसतं, म्हणून रक्तदाब असलेल्या बाईलाही ते चालतं. आता तिचं हिमोग्लोबिन ११.६ आहे. दवाखान्यात तिचे शौहर आले होते. रिपोर्ट हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझाच काही कसूर झाला." घरी गेल्यावर त्यांनी आपली चादर-उशी स्वतःच परत आणली, असं तिने आम्हाला हसत सांगितलं.

भगिनींनो, गोळीला दोष द्यायला आम्ही हे लिहीत नाही. गोळीने आमचं बरंच भलं केलं. मुलांमध्ये अंतर राहिलं, नोकरी टिकली. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो, आणि ते संरक्षण ती बंद केल्यावरही बरीच वर्षं टिकतं. आमची चूक एवढीच की गोळी बंद केल्यावर जे जे झालं ते सगळं आम्ही "गोळीचा परिणाम" या एका खात्यात टाकलं आणि आपोआप थांबेल म्हणून वाट पाहत बसलो. तिघींचं कारण वेगवेगळं होतं. एकीचं वय, एकीच्या गाठी, एकीचं शरीर आपल्या मूळ चालीवर येत होतं. बाहेरून ते ओळखता येत नाही.

म्हणून आम्ही शिकलो ते सांगतो. गोळी बंद करताना तारीख लिहून ठेवा. सुरू करण्याआधी पाळी कशी होती ते आठवून तेही लिहा. मूल नको असेल तर त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. तीन महिने पाळी आली नाही तर आधी दिवस राहिले नाहीत ना ते बघा, मग थायरॉईड वगैरे तपासणी करून घ्या. रक्त आठ दिवसांच्या पुढे जात असेल, गाठी पडत असतील, तासाला पॅड बदलावं लागत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर थांबू नका. वर्षभर पाळी बंद राहून नंतर ठिपका जरी दिसला तरी दवाखाना गाठा. आणि एकदा "वयच झालंय" म्हणून कुणी परत पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे. फिकट चेहरा इतका नेहमीचा झालाय की तो आजार वाटतच नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासिक पाळीचं चक्र आकृतीसह दिलंय. वर्षानुवर्षं आमच्या शाळेत "हे घरी वाचा" म्हणून ते पान उलटलं जायचं. यंदा विज्ञानाच्या टीचरसोबत थोरली त्या तासाला मुलींपुढे उभी राहिली. एफएसएच म्हणजे काय, हे तिच्याइतकं नीट शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. तास संपल्यावर दोन मुली मागे रेंगाळल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

येत्या महिन्यात थोरलीची पाळी थांबून १२ महिने पुरे होतील. तेव्हाच रजोनिवृत्ती झाली असं म्हणता येतं. परवा तिने कपाटाच्या दाराचा तो जुना कागद काढून आम्हाला दाखवला. २६ वर्षांचे आकडे, काही शाईने, काही पेन्सिलने. गोळीच्या आधीचे सात, सहा, आठ असे वेडेवाकडे, नंतरचे सरळ पाच. बाळंतपणांच्या वर्षी ३०. बहुतेकांवर फुली आहे, कजा पूर्ण केल्याची. काही अजून बाकी आहेत.

"येत्या रमजानमध्ये इन्शाअल्लाह सगळे रोजे होतील," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. आणि हे उरलेले हळूहळू फेडीन. त्यांना सांगायला हवं होतं." आम्ही दोघी काही बोललो नाही. मधलीने कागदाची घडी नीट केली आणि तिच्या पर्समध्ये ठेवून दिली.